आडोसा नसलेल्या वाटेवर



दीक्षान्त समारंभात खेळाडूचे उदाहरण घेतले जाते ते बहुधा त्याच्या विजयांसाठी. नेदरलँड्सच्या सायकलपटू मारिआने व्होस यांच्याबाबतीत मात्र एकाच स्पर्धेत सलग पाच वर्षे हुकलेल्या सुवर्णपदकापासून सुरुवात करणे अधिक उपयोगाचे आहे. 1987 साली जन्मलेल्या व्होस यांच्या नावावर रस्त्यावरील शर्यतीची तीन, सायक्लो-क्रॉसची आठ आणि ट्रॅकवरील दोन जागतिक अजिंक्यपदे आहेत. बीजिंग आणि लंडन अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन निरनिराळ्या प्रकारांत सुवर्णपदके मिळवली. ही यादी थक्क करणारी असली, तरी तिच्यावरून ही कारकीर्द कशी घडली याचा पत्ता लागत नाही.

त्यासाठी दोन क्रीडाप्रकारांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. रस्त्यावरील शर्यत, म्हणजे रोड रेस, बहुधा शंभर किलोमीटरहून लांब असते आणि तीत स्पर्धक बराच काळ घोळक्याने धावतात; या घोळक्याला पेलोटॉन असे नाव आहे. पुढच्या सायकलला चिकटून मागे राहणाऱ्या स्पर्धकाला वाऱ्याचा विरोध पुष्कळच कमी होतो, त्यामुळे जी दिवसभर पुढे राहून वारा अंगावर घेते ती थकते, आणि जी तिच्या आडोशाने येते तिच्या पायांत अखेरच्या वेगवान झेपेसाठी, म्हणजे स्प्रिंटसाठी, बळ शिल्लक राहते. सायक्लो-क्रॉस हा हिवाळ्यातील प्रकार असून बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये त्याला मोठा प्रेक्षकवर्ग आहे. सुमारे तीन किलोमीटरच्या मार्गाला पुन्हापुन्हा फेऱ्या घालायच्या असतात. त्या मार्गावर गवत, चिखल, वाळू, पायऱ्या आणि मुद्दाम उभ्या केलेल्या फळ्या असतात. सायकल चालवणे अशक्य झाले की खाली उतरून ती खांद्यावर घेऊन पळावे लागते, आणि चिखलाने गिअर भरले की पिट नावाच्या राखीव जागेत शिरून मदतनीसांनी धुऊन तयार ठेवलेली दुसरी सायकल घ्यावी लागते. महिलांची शर्यत पाऊण तासाच्या आसपास संपते. येथे वेग कमी आणि वाट अरुंद असल्यामुळे दुसऱ्याच्या पाठीमागे लपून फारसे काही साधत नाही, आणि ज्याच्या अंगात त्या दिवशी सर्वाधिक ताकद व कौशल्य असते तोच बहुतेक वेळा जिंकतो.

2006 च्या जानेवारीत अठराव्या वर्षी सायक्लो-क्रॉसचे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात साल्झबुर्ग येथे रस्त्यावरील शर्यतीचे जागतिक अजिंक्यपद मिळवल्यावर व्होस यांचा पुढचा मार्ग सरळ दिसत होता. प्रत्यक्षात 2007 ते 2011 या काळात श्टुटगार्ट, वारेसे, मेंद्रिझिओ, जिलाँग आणि कोपनहेगन अशा पाचही ठिकाणी त्यांना रस्त्यावर रौप्यपदकच मिळाले. शेवटच्या दोन्ही वेळी इटलीच्या जॉर्जिया ब्रोन्झिनी यांनी त्यांना अंतिम झेपेत मागे टाकले. याच काळात, 2009 पासून 2014 पर्यंत, सायक्लो-क्रॉसचे जागतिक अजिंक्यपद सलग सहा वेळा त्यांच्याकडे राहिले. म्हणजे 2009, 2010 आणि 2011 या तिन्ही वर्षांत हिवाळ्यात सुवर्ण मिळवणाऱ्या स्पर्धकाच्या हाती पुढे रस्त्यावर रौप्य येत होते, आणि याचे कारण ताकदीची उणीव हे असू शकत नाही. रस्त्यावर सर्वांत बलवान असणे हे कित्येकदा ओझेच ठरते, कारण सगळा घोळका त्याच स्पर्धकावर नजर ठेवून असतो.

2012 च्या मे महिन्यात व्होस यांचे गळपट्टीचे हाड मोडले, तरीही त्या उन्हाळ्यात इटलीतील जिरो ही अनेक टप्प्यांची शर्यत त्यांनी जिंकली. लंडन ऑलिंपिकमध्ये पावसात सुमारे 140 किलोमीटरची शर्यत झाली. तीत त्या मुख्य घोळक्यापासून सुटलेल्या लहानशा गटात होत्या, आणि अखेरीस पदकांसाठी तिघीच उरल्या, तेव्हा वाऱ्याचा भार प्रत्येकीलाच वाटून घ्यावा लागला. झेपेत त्यांनी ब्रिटनच्या लिझी आर्मिटस्टेड यांना हरवले. सप्टेंबरात व्हाल्केनबुर्ग येथील जागतिक स्पर्धेत तर त्यांनी झेपेची वाटच पाहिली नाही. काउबेर्ग या आखूड पण तीव्र चढावर शेवटच्या फेरीत त्यांनी वेग वाढवला आणि अंतिम रेषा एकट्यानेच ओलांडली. चढावर वेग घटतो आणि आडोशाचा लाभही घटतो, म्हणजे रस्त्यावरच सायक्लो-क्रॉससारखी परिस्थिती निर्माण होते. पाच रौप्यपदकांचे उत्तर अधिक जोरदार झेप हे नव्हते. झेपेची गरजच उरणार नाही अशी शर्यत घडवणे, हे होते. पुढच्या वर्षी फ्लोरेन्समध्येही त्यांनी अखेरच्या चढावर हाच उपाय योजला आणि अजिंक्यपद राखले.

क्रीडालेखकांना व्होस यांची तुलना बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांच्याशी करण्याची हौस आहे. या तुलनेत एक गोष्ट सुटते: मर्क्स यांनी जी टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकली ती त्यांच्या जन्माआधीपासून चालत आलेली होती, तर व्होस ऐन भरात असताना महिलांसाठी तशी टूर अस्तित्वातच नव्हती. 1984 ते 1989 या काळात ती भरवली गेली होती, आणि तिच्या जागी आलेल्या लहान शर्यतीही पुढे बंद पडल्या. 2013 मध्ये व्होस, एमा पूली, कॅथ्रिन बर्टिन आणि क्रिसी वेलिंग्टन या चौघी खेळाडूंनी महिलांच्या टूरची मागणी करणारी सह्यांची मोहीम चालवली. तिला नव्वद हजारांहून अधिक सह्या मिळाल्या, आणि 2014 च्या जुलैत पॅरिसच्या शाँझेलिझेवर ‘ला कोर्स’ ही एका दिवसाची शर्यत झाली. ती व्होस यांनीच जिंकली. आठ टप्प्यांची ‘टूर द फ्रान्स फाम’ मात्र 2022 मध्ये सुरू झाली. तेव्हा पस्तिशीत असलेल्या व्होस यांनी दोन टप्पे जिंकले, काही दिवस आघाडीची पिवळी जर्सी घातली आणि गुणांची हिरवी जर्सी मिळवली.

मधली वर्षे सुखाची नव्हती. दुखापत आणि अतिसरावाचा थकवा यांमुळे 2015 चा जवळजवळ सगळा मोसम वाया गेला; सातवे सायक्लो-क्रॉस अजिंक्यपद 2014 मध्ये मिळाले होते, आठव्यासाठी 2022 उजाडावे लागले. त्यानंतर मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरील शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळवले.

2025 च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी प्लुमलेकच्या चढावर फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो सुटून पुढे गेल्या होत्या. अंतिम रेषेजवळ त्यांना मागे टाकून तो टप्पा जिंकला तो त्यांच्याच संघातील व्होस यांनी. फेराँ-प्रेव्हो याही सायक्लो-क्रॉसच्या माजी जागतिक विजेत्या आहेत, आणि त्याआधी दहा वर्षांपूर्वीही त्या दोघी एकाच संघात होत्या. डोंगराळ टप्प्यांवर संघाची भिस्त फेराँ-प्रेव्हो यांच्यावर होती. त्या वर्षीची टूर त्यांनीच जिंकली.