मुक्त कार्यप्रणाली सामान्य माणसाच्या हाती कशी येईल?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकायला थोडा यांत्रिक वाटेल. पण त्याचा संबंध आपल्या खिशाशी आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाशी आहे, म्हणून तो मुद्दाम निवडला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नेहमीचे पाठबळ थांबवले. काही अटींवर थोडी जादा मुदत मिळते, पण ती मुदतच. पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली सर्वसाधारणपणे २०१७-१८ च्या आधी बनलेल्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. अशी यंत्रे आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत आणि घरांत पुष्कळ आहेत. ती बिघडलेली नाहीत. पडदा चालतो, कळफलक चालतो. तरीही त्यांना भंगाराची वाट दाखवण्याची वेळ आली आहे.

अशा वेळी माणसापुढे तीन मार्ग दिसतात. नवे यंत्र घ्यायचे, जुन्यावरच संरक्षणाशिवाय काम चालू ठेवायचे, किंवा कुणाकडून तरी परवान्याविना प्रत टाकून घ्यायची. पहिला मार्ग सर्वांना परवडणारा नाही. दुसरा धोक्याचा आहे. तिसरा नीतीला धरून नाही. परीक्षेत कॉपी करू नका असे मुलांना सांगणाऱ्या शाळेने तरी तो धरू नये. चौथाही एक मार्ग आहे, मुक्त कार्यप्रणालीचा. 'ते कठीण असते, आपल्याला जमायचे नाही' एवढ्या एका वाक्यावर आपण तो सोडून देतो. हे वाक्य कितपत खरे आहे, ते आज तपासून पाहू.

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कळफलक, पडदा, स्मरणपेटी, प्रिंटर या सर्वांना कामाला लावणारी आणि इतर कार्यक्रमांना चालू देणारी ती मूळ व्यवस्था. ती 'मुक्त' असते म्हणजे नुसती फुकट असते असे नव्हे. तिची घडण उघडी असते. ती कोणीही वापरावी, दुसऱ्याला द्यावी, तपासावी, दुरुस्त करावी, अशी परवान्यातच मोकळीक असते. धुळ्याच्या यंत्रमागवाल्यांना हे समजावून सांगायला नको. माग अडला की मिस्त्री तो उघडतो, भाग बदलतो, आपल्या सुताला बेतेल असा लावून घेतो. ज्या मागाचे झाकण कारखानदाराशिवाय कोणी उघडायचे नाही, असा माग कोणी विकत घेईल काय?

या चळवळीचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी 'लिनक्स' लिहू लागला. विद्यार्थ्यांनो, हे वय ध्यानात घ्या. पण आरंभी हे सारे जाणकारांनी जाणकारांसाठी केलेले काम होते. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत, आणि त्या आज्ञा पाठ नसतील तर यंत्र मुके.

हा कठीणपणा आपोआप गेला नाही. एकेक अडचण कोणीतरी हाती घेतली, तेव्हा ती गेली. सगळे कार्यक्रम एकसारखे दिसावेत आणि सामान्य माणसाला वापरता यावेत, म्हणून जर्मनीतील मॅथियस एट्रिश या विद्यार्थ्याने १९९६ मध्ये 'केडीई'चे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या दोन तरुणांनी 'ग्नोम' आरंभले. नवी प्रणाली बसवताना जुनी पुसली जाईल ही धास्ती मोठी होती. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स'द्वारे दाखवले की संपूर्ण प्रणाली तबकडीवरूनच चालवून पाहता येते आणि यंत्रातील काहीही बदलत नाही. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने 'उबंटू' आली. तिच्या तबकड्या मागेल त्याला टपालाने, विनामूल्य, कित्येक वर्षे घरपोच मिळत होत्या. याच मंडळींनी २००९ मध्ये एक चांगला उपक्रम केला. कागदाच्या कडेने बोट कापावे तशा लहानलहान अडचणींची यादी लोकांकडून मागवली आणि त्या एकामागून एक दूर करायला घेतल्या. मोठा दोष माणूस सहन करतो, पण रोजच्या बारीक त्रासाने तो वस्तूच टाकून देतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि लिनक्स कठीण म्हणणाऱ्यांनी आपला खिसा चाचपून पाहावा. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. अक्षरओळख बेताची असलेल्या आमच्या आयाबायादेखील तो लीलया चालवतात. तेव्हा कठीणपणा गाभ्यात नाही. तो गाभा आणि माणूस यांच्यामध्ये आपण काय ठेवतो, त्यात आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या माणसापुढची पहिली भिंत म्हणजे भाषा. मुंबईत २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी 'इंडलिनक्स' हा प्रकल्प उभा केला आणि भारतीय भाषांतून लिनक्स दिसावे यासाठी स्वयंसेवकांची फळी जमवली. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांचे 'लोहित' टंक मुक्त केले. हे काम बारीक असते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील खोल जागा. या दोन रफारांतील फरक यंत्राला शिकवावा लागतो. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाहून वेगळा काढतात, तोही वेगळा द्यावा लागतो. सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली आणली. तिच्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांची सोय आहे, आणि शाळांसाठी तिची स्वतंत्र आवृत्तीही निघाली.

नुसते भाषांतर केले म्हणजे सोपे झाले, असेही नाही. शब्द बोजड असेल तर मूल म्हणते, यापेक्षा इंग्रजी बरी. म्हणून २००८ मध्ये पुण्याच्या रेड हॅटमधून 'फ्यूएल' हा उपक्रम निघाला. पडद्यावर वारंवार दिसणाऱ्या काही शे शब्दांची यादी करायची आणि भाषेच्या जाणकारांनी व वापरणाऱ्यांनी एकत्र बसून त्यांचे प्रतिशब्द ठरवायचे, अशी ती पद्धत. 'फाइल'ला फाइलच म्हणावे की 'संचिका', 'सेव्ह'ला 'साठवा' की 'जतन करा', हे प्रश्न किरकोळ नाहीत. ते ठरवताना शाळेतल्या मुलांना विचारायला हवे.

आपल्या खानदेशी मुस्लिम घरांची भाषेची बाब आणखी वेगळी आहे. घरात दखनी वळणाची उर्दू, बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी. एकाच यंत्रावर उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी, दोन्ही लागतात. मराठी अर्जात उर्दू नाव लिहिले की कंस आणि आकडे इकडचे तिकडे उडी मारतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्यातून उर्दूला लागते नस्तालिक. तिची अक्षरे तिरकी उतरतात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलतात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालिक'ने हजारो जोडाकृती तयार करून ती यंत्रावर आणली. १९९४ पासून 'इनपेज'ने उर्दू छपाईचे काम सोपे केले, पण ते विंडोजवर, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर इतर कार्यक्रमांना वाचता येत नाही. २०१४ मध्ये 'नोटो नस्तालिक उर्दू' हा मुक्त टंक आला आणि एक मोठी अडचण दूर झाली. आज मुक्त प्रणालीत उर्दूचा उच्चारानुसारी कळफलक आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक शेजारीशेजारी ठेवता येतो, आणि दोन कळा दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते.

मराठीतही तेच. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा टंकांत टंकलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. मग दोष लिनक्सला दिला जातो. खरा दोष आहे आपला मजकूर एका टंकाच्या दावणीला बांधून ठेवण्याचा. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. शाळांनी हे काम आधी करावे. मग कोणत्याही प्रणालीवर जाणे सोपे होते.

यंत्र सोपे केले म्हणजे सगळे झाले काय? आपल्याच राज्यातील एक उदाहरण सांगतो. रायगड जिल्ह्यातील खैराट या लहान गावच्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेची यंत्रे आली. त्यांवर 'शुगर' नावाचा, मुलांसाठी मुळापासून नव्याने आखलेला मुक्त पडदा होता. त्यात चित्रखुणा होत्या, मुलाच्या कामाची आपोआप राहणारी रोजनिशी होती. पण याच योजनेचा पेरू देशात जो मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र सोपे होते. पण शिक्षक तयार नसेल आणि धड्याशी त्याचा मेळ घातलेला नसेल, तर ते खेळणेच राहते.

याच्या उलट केरळ पाहा. तेथे २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. २०१७ मध्ये त्याच कामासाठी 'काइट' ही स्वतंत्र सरकारी कंपनी झाली. त्यांनी आपल्या अभ्यासक्रमाला लागणारे कार्यक्रम आधीच भरून, मल्याळम भाषेसह, शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बनवली आणि शिक्षकांनाच शिकवून तयार केले. तेथील मूल लिनक्सला कठीण म्हणत नाही, कारण त्याने पहिल्यापासून तेच पाहिले. आपण ज्याला सोपे म्हणतो ते पुष्कळदा फक्त सवयीचे असते.

अडचणी आजही आहेत आणि त्या लपवणे योग्य नव्हे. काही स्वस्त लेसर प्रिंटर मुक्त प्रणालीवर सहजी चालत नाहीत. व्यापाऱ्यांची 'टॅली' मुख्यतः विंडोजवर चालते. काही सरकारी कामांत लागणारी अंकीय सहीची किल्ली त्रास देते. म्हणून सगळे एका दिवसात बदला असे मी सांगणार नाही. कार्यालयात एक यंत्र जुन्या पद्धतीचे राहू द्या. मुलांच्या अभ्यासासाठी, टंकलेखनासाठी, हिशेबाच्या तक्त्यांसाठी आणि प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी मात्र मुक्त प्रणाली आणि 'लिबरऑफिस' पुरेशी आहेत.

मग आपण काय करावे? माझ्या चार सूचना आहेत.

पहिली : बसवण्याआधी चालवून पाहा. पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू करा. पडदा, आवाज, इंटरनेट, प्रिंटर, उर्दू आणि मराठी टंकन या सहा गोष्टी तपासा. साऱ्या जमल्या तरच पुढे जा, आणि त्याआधी आपला मजकूर दुसरीकडे साठवून ठेवा.

दुसरी : शिकण्याची सोय घरची आहे. मुंबई आयआयटीत कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिस अशा विषयांवर छोटे चित्रपाठ केले आहेत. ते मराठीतही आहेत आणि विनामूल्य आहेत. शिकवणीच्या फीअभावी कोणी अडून राहण्याचे कारण नाही.

तिसरी : प्रत्येक मोहल्ल्यात विचारायला एक माणूस हवा. विंडोज सोपी वाटते याचे अर्धे कारण असे की, अडले तर शेजारचा सांगतो. नववी-दहावीची दोन मुले आणि दोन मुली प्रत्येक शाळेने तयार कराव्यात. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो. घरातल्या आईला, खालाला, फुफीला शिकवण्याचे काम त्या अधिक चांगले करतील.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. संगणक कक्षात एक अडचणींची वही ठेवा. कोणाला काय कळले नाही, कोणता शब्द अडला, उर्दूचे कोणते अक्षर चुकीचे जुळले, हे तारखेसह लिहा. महिन्याने ती वाचा आणि त्यातील अडचणी प्रणाली बनवणाऱ्यांना कळवा. मुक्त प्रणालीत हे कळवण्याचा दरवाजा सर्वांना उघडा असतो. भाषांतर सुधारण्यासही कोणाची मेहेरबानी लागत नाही. उद्या अहिराणीतून शब्द द्यावेसे वाटले, तरी 'एवढ्याशा बोलीला गिऱ्हाईक नाही' असे म्हणून अडवणारा कोणी मालक तेथे बसलेला नाही.

मित्रांनो, दऱ्या-दर्यातला फरक पुण्या-मुंबईच्या मराठी माणसांना अडला, म्हणून तो सुटला. नस्तालिकचा प्रश्न उर्दूवाल्यांना अडला, म्हणून तो सुटला. वस्तू सोपी करण्याचे काम ज्याला ती अवघड जाते तोच सांगू शकतो, कारण अडचण त्यालाच दिसते. जाणकाराला ती दिसेनाशी झालेली असते. तेव्हा 'मला कळले नाही' हे म्हणण्याची लाज बाळगू नका. ते वहीत लिहा. या सुटीत शाळेने एक जुने यंत्र, फक्त एक, या कामासाठी बाजूला काढावे, एवढी विनंती अध्यक्ष महोदयांना करतो.