बीप वाजली म्हणजे पार्ट गेला असं नाही

आमच्या बचत गटाच्या मोबाईल दुरुस्ती केंद्रात आमच्याच हातून झालेली एक चूक आज सांगणार आहोत.

गटातल्या एका ताईंचा फोन बंद पडला. मीटर बीपवर ठेवून तपासलं, तर बॅटरीच्या लाईनवरचा प्रत्येक कपॅसिटर वाजला. आम्ही सांगून टाकलं, "ताई, बोर्ड गेला." त्यांनी गटातूनच ८ हजारांचं कर्ज काढून नवा फोन घेतला.

चुकलं कुठे? हे खसखशीएवढे कपॅसिटर एकाच लाईनवर अनेक असतात. प्रत्येकाचं एक टोक लाईनला, दुसरं ग्राउंडला. टाकीला दहा नळ असले आणि एकच उघडा राहिला तरी टाकी रिकामी होते. तसंच, एक कपॅसिटर शॉर्ट झाला की सगळेच वाजतात.

आता आम्ही क्रमाने जातो. आधी बॅटरी सोडवायची. मीटर डायोडवर ठेवून लाल पिन ग्राउंडला, काळी लाईनला लावायची. साधारण ३०० ते ७०० आकडा आला तर लाईन बहुधा ठीक. शून्याजवळ आला तर शॉर्टचा संशय. प्रोसेसरच्या काही लाईनींवर चांगल्या बोर्डातही आकडा फार कमी येतो, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू बोर्डाशी ताडून बघायचं. फ्यूज आणि कॉइलचं मात्र उलटं: दोन्ही टोकांना पिना लावल्यावर ते वाजायलाच हवेत.

शॉर्ट नक्की कुठे, ते राळ दाखवते. बोर्डावर राळेच्या धुराचा पातळ थर द्यायचा, मग पॉवर सप्लायवरून १ व्होल्टपासून सुरुवात करायची. लाईनच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या वर कधीच जायचं नाही. बिघडलेला पार्ट तापतो आणि त्याच्यावरची राळ आधी वितळते. तो काढून पुन्हा मोजायचं. शॉर्ट गेला, तरच दोष त्याचा. राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

ताईंचा जुना बोर्ड आम्ही असाच पुन्हा तपासला. एकच कपॅसिटर गेला होता. फोन सुरू झाला, तो आता त्यांची मुलगी वापरते. कर्जाचे हप्ते मात्र ताई अजून भरतात. उरलेल्या हप्त्यांचं व्याज आम्ही केंद्राच्या कमाईतून भरायचं ठरवलं आहे.

मैत्रिणींनो, कुणी "बोर्ड गेला" म्हटलं, तर एवढंच विचारा: "कोणत्या लाईनवर किती आकडा आला, दाखवता का?" आम्हालाही विचारा.