व्हिडिओ दाबायचा किती आणि कोणी?



अंजनगाव सुर्जीच्या एखाद्या पानमळ्यात उभं राहून कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला, की एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘भाऊ, मोबाइलात तं मस्त दिसते, अन् यूट्यूबवर टाकला का फाटून जाते.’ फाटतो म्हणजे काय, तर पानांच्या कडा विरघळतात, हिरव्या रंगाचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात आणि माणसाचा चेहरा ओला झाल्यासारखा होतो. मग कोणी नेटला नावं ठेवतो, कोणी महागडा मोबाइल घ्यायला निघतो. माझा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा. लग्नं, कीर्तनं, शाळांची गॅदरिंगं आणि अलीकडे शेतीचे व्हिडिओ. मोबाइल बदलायच्या आधी काय बदलावं, ते आज सांगतो. आता चित्राविषयी बोलायचं आणि तेही रेडिओवर, हा प्रकार जरा उलटाच आहे, पण निभावून न्या.

आधी थोडा हिशेब. फुल एचडी म्हणतात त्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन आकडे. म्हणजे एका चित्राचे झाले सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रं धरली तर साडेपंधरा कोटी बाइट, आणि एका मिनिटाला नऊ जीबीहून जास्त. दीड जीबीचा रोजचा पॅक दहा सेकंदही पुरणार नाही. म्हणून व्हिडिओ दाबावाच लागतो. मोबाइलमध्ये तुम्हाला मस्त दिसतो तो व्हिडिओसुद्धा दाबलेलाच असतो.

दाबण्याची मुख्य युक्ती अशी. किराणा दुकानाच्या वहीत एकाखाली एक तीच नोंद आली की दुकानदार ती पुन्हा लिहीत नाही, वरीलप्रमाणे म्हणून दोन टिंबं देतो. व्हिडिओतही एक चित्र पूर्ण लिहितात आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं आणि काय कुठे सरकलं तेवढंच लिहितात. कीर्तनकार उभा आहे, मागे पडदा स्थिर आहे, तर लिहायचं किती? हात हलले, ओठ हलले. थोडक्यात भागतं.

आता पानमळा घ्या. शेवरीवर चढलेल्या नागवेली, हजारो पानं, प्रत्येक पान वेगळ्या दिशेनं हलतंय, वरून उन्हाचे कवडसे नाचताहेत. ‘वरीलप्रमाणे’ लिहायला जागाच नाही. व्हिडिओ दाबणाऱ्या यंत्राला पानमळ्याइतकं अवघड दृश्य क्वचितच मिळत असेल. पानपिंपरीचंही तेच, संत्र्याच्या बागेत फवारणीचे थेंब उडत असले तर त्याहून वाईट. त्यातून मोबाइल हातात धरून चालत चालत शूटिंग केलं, की सगळं चित्रच हलतं आणि होते नव्हते ते बाइट त्या हलण्यातच खर्च होतात. म्हणून माझा पहिला सल्ला सेटिंगचा नाहीच. दोन-तीनशे रुपयांची तिपाई घ्या, वारा पडलेला असताना, सकाळच्या मऊ उजेडात शूटिंग करा, आणि बोलणाऱ्याला पानांच्या भिंतीपासून चार पावलं पुढे उभं करा. निम्मं फाटणं इथेच थांबतं.

दुसरी युक्ती गणिताची आहे आणि तिच्यामागे आपल्याकडचा माणूस आहे. बंगळूरला १९४० साली जन्मलेले नासिर अहमद तिथेच इंजिनियर झाले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला ठळक भाग आणि बारीक तपशील गणितानं वेगळे करायचे, आणि डोळ्याला जे फारसं जाणवत नाही ते टाकून द्यायचं, यासाठी लागणारी रीत त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यासाठी पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये तो निबंध छापून आला. आज मोबाइलमधला जेपीजी फोटो त्याच रीतीवर उभा आहे आणि व्हिडिओही तिच्याच वंशातल्या रीतींवर. व्हिडिओ फाटल्यावर जे चौकोन दिसतात ना, ते याच गणिताचे चौकोन. टाकून द्यायचं त्याहून जास्त टाकलं गेलं, की ते उघडे पडतात.

आता मुद्द्यावर येतो. यूट्यूबवर तुम्ही टाकता ती फाइल प्रेक्षकाला कधीच जशीच्या तशी दिसत नाही. यूट्यूब ती उघडतं आणि पुन्हा आपल्या पद्धतीनं दाबतं. १४४ पासून वरच्या दर्जापर्यंत वेगवेगळ्या प्रती करतं आणि बघणाऱ्याच्या नेटप्रमाणे त्यातली एक पुढे करतं. मेळघाटातल्या कमी रेंजच्या माणसाला लहान प्रत, अमरावतीत वायफायवर बसलेल्याला मोठी. म्हणजे शेवटचं दाबणं यूट्यूबच्या हातात आहे. मग आधी तुम्ही घट्ट दाबून काय मिळवलं? दाबलेल्यावर पुन्हा दाब. ‘अपलोड लवकर व्हावं म्हणून फाइल बारीक केली,’ असं लोक अभिमानानं सांगतात. तिथेच व्हिडिओ फाटलेला असतो.

कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. यूट्यूबची स्वतःची शिफारस आहे: एमपी४ फाइल, आत चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी. फुल एचडी म्हणजे १०८० चा व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ३० चित्रांचा असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा तो आकडा, ८ एमबीपीएस. ७२० चा असेल तर ५. सेकंदाला ५० किंवा ६० चित्रं असतील तर १०८० ला १२. आवाज स्टिरिओ असेल तर ३८४ केबीपीएस. ८ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ६० एमबी, दहा मिनिटांच्या व्हिडिओला ६०० एमबी. एवढा डेटा परवडतो. पानमळ्याचा, पावसाचा, मिरवणुकीचा व्हिडिओ असेल तर मी १२ ते १५ ठेवतो. हे आकडे काही सरकारी नियम नाहीत, वर गेलात तर कोणी अडवत नाही.

आणि फोर-के? यूट्यूब त्यासाठी ३५ ते ४५ एमबीपीएस सांगतं. दहा मिनिटांचे झाले अडीच ते साडेतीन जीबी. आपला प्रेक्षक सहा इंची पडद्यावर, बसस्टँडवर उभा राहून बघतो. त्याच्यासाठी फोर-के करण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा साधा कॉलरचा माइक घ्या.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. तिथे एका गटातून दुसऱ्या गटात व्हिडिओ फिरतो, कोणी उतरवून घेतो, दोन ओळी चिकटवतो, पुन्हा पाठवतो. कुठल्यातरी ॲपमधून काढून पुन्हा चढवला, की प्रत्येक वेळी नवी दाबणी होते. मूळ फाइल कोणाला द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २०२२ पासून तशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि तिला हात लागत नाही.

या पुन्हा पुन्हा दाबण्यानं काय होतं ते ऐकायचं असेल तर आपल्याच तालुक्यातल्या माणसाचं उदाहरण घ्या. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्याच्या थोडंच आधी, नोव्हेंबरात, मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं आणि त्याचं ध्वनिमुद्रण झालं. आज इंटरनेटवर त्याच्या कितीतरी प्रती आहेत. मुद्रण एकच, पण कुठे बाबांचा शब्द न् शब्द कळतो, कुठे वाक्यांची शेवटची अक्षरं गिळलेली. बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. बाबा विचारायचे आणि समोरची माणसं उत्तर द्यायची. ते उत्तर लांबून आलेलं, बारीक आवाजातलं. दाबताना पहिला बळी त्याच आवाजाचा जातो, कारण तो कानाला फारसा जाणवणार नाही असं यंत्र धरून चालतं. तुम्हाला असा जुना आवाज चढवायचा असेल तर दुसऱ्याच्या चॅनेलवरून उतरवून पुन्हा चढवू नका. मिळेल तितकी जुनी, मूळ प्रत मिळवा. सोबत एकच फोटो ठेवणार असाल तर चित्राला जवळजवळ काहीच लागत नाही, मग आवाजात कंजूषी कशाला?

जुन्या लग्नाच्या कॅसेटींचंही काम बरंच येतं. त्या व्हीएचएसमध्ये एक चित्र दोन हप्त्यांत असतं, आधी विषम ओळी, मग सम. संगणकावर तसंच चढवलं की हळद लावणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. म्हणून डीइंटरलेस हा पर्याय चालू करायचा. आणि चार-तीनच्या आकाराचं जुनं चित्र ताणून आजच्या रुंद पडद्यात बसवायचं नाही. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील, नवरदेव आडवा पसरलेला चालणार नाही.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तिथला गाविलगड किल्ला घेतला आणि पंधरवड्यातच सुर्जी-अंजनगावचा तह झाला, त्यामुळे या किल्ल्यावर व्हिडिओ करणारी पोरं आपल्याकडे बरीच. पण किल्ल्यावरचं धुकं पानमळ्याच्या उलट अवघड आहे. तिथे तपशील काहीच नाही, नुसता पांढऱ्यातून करड्यात उतरत जाणारा रंग. साध्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, आणि दाबल्यावर यंत्र त्यातल्याही काही गाळतं. मग धुक्यात जिन्यासारखे पट्टे दिसतात. इथे बिटरेट वाढवणं एवढाच उपाय, आणि एडिटिंगमध्ये चित्र फार गुळगुळीत करायचं नाही. थोडा रवाळपणा राहू द्या, त्यात पट्टे लपतात.

मंडपातल्या लाइटचा त्रासही असाच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाइल ३० चित्रं घेतो, ताळमेळ बसत नाही, आणि पडद्यावर काळ्या लाटा चढतात. मोबाइलमध्ये २५ चित्रांचा पर्याय असेल तर तो घ्या, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा. लाटा गेल्या की फाइलही नीट दबते, कारण उजेड दर चित्राला बदलत नाही.

फॉरमॅटच्या भांडणात मी फार शिरत नाही. एच.२६४ हे २००३ चं तंत्र, म्हातारं झालं, पण चालत नाही असा मोबाइल मिळणं कठीण. २०१३ साली आलेलं एच.२६५ त्याच दर्जाला बरीच लहान फाइल देतं, पण त्याच्या पेटंटचा गुंता मोठा आहे आणि जुन्या संगणकांवर ते अडखळतं. आयफोनवरून आलेली फाइल तुमच्या संगणकावर उघडत नसेल तर बहुधा हेच कारण. २०१८ चं एव्ही१ मोफत आणि चांगलं आहे, पण साध्या संगणकावर ते तयार करत बसायला धीर लागतो. ते काम यूट्यूबला करू द्या.

शाळेच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर व्हिडिओ ठेवायचा असेल तेव्हा मात्र शेवटची दाबणी तुमची. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात बिटरेटच्या भानगडीत न पडता दर्जाचा आकडा द्यायचा. १०८० साठी २० ते २४ च्या दरम्यान. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि सहानं कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. वेग ‘स्लो’ ठेवा. संगणक रात्रभर चालेल, पण फाइल लहान निघेल. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकोनात खूण करा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधीच चालू होतो. मोबाइलच्या फाइलीत ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जात असेल तर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. मोबाइल उजेडाप्रमाणे चित्रांचा वेग कमी-जास्त करतो, त्याचा तो परिणाम असतो.

राजेहो, शेवटचं. व्हिडिओ चढवल्या चढवल्या उघडून बघू नका आणि लगेच वाटूही नका. यूट्यूब आधी हलकी प्रत तयार करतं, वरच्या दर्जाच्या प्रती मागून येतात. पहिल्या दहा मिनिटांत बघणाऱ्याला फाटलेलाच दिसेल आणि तो तुम्हालाच नावं ठेवेल. तासभर थांबा, १०८० चा पर्याय आला का ते बघा, मूळ फाइल एका हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, आणि मग गावाला पाठवा ती फक्त लिंक.