आधी तिकीट चित्राचं, मग विमानाचं



मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जाणारी मराठी कुटुंबं आता घरोघरी दिसतात. व्हिसा, विमान, हॉटेल, लाडू-चिवडा, सगळ्याची तयारी महिनोन्‌महिने चालते. संग्रहालयांचं मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ असं असतं. या भरवशावर मिलानपर्यंत गेलेली माणसं लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ न पाहता परत येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे चित्र म्हणजे सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाची एक भिंत आहे. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची तेव्हाची रीत होती. गिलावा वाळायच्या आत काम उरकावं लागे. लिओनार्दोला सावकाश, फेरफार करत रंगवायचं होतं, म्हणून १४९५ ते १४९८ या काळात त्याने कोरड्या भिंतीवर रंग लावले. ते भिंतीत मुरलेच नाहीत. तो हयात असतानाच पोपडे निघायला लागले. १६५२ साली त्याच भिंतीत दार पाडलं गेलं आणि येशूची पावलं त्यात गेली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचं छप्पर कोसळलं. वाळूच्या पोत्यांच्या आडोशाने चित्राची भिंत मात्र उभी राहिली. पुढे पिनिन ब्राम्बिला बार्चिलोन या बाईंनी वीसेक वर्षं खपून, सूक्ष्मदर्शकाखाली तसू तसू साफ करत, १९९९ मध्ये ते लोकांसमोर आणलं.

आता तिथं एका वेळी मोजकीच माणसं आत जातात, तीही पंधरा मिनिटांसाठी. मधे काचेची दारं आहेत. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, कारण आपल्या कपड्यांवरची धूळ आणि श्वासातली ओल त्या रंगांना सोसत नाही. म्हणजे दिवसाला किती तिकिटं निघणार हे ती भिंतच ठरवते. आयत्या वेळी तिथं जाऊन तास-दोन तास उभं राहायची तयारी असली तरी उपयोग होत नाही. तिकिटं काही महिन्यांच्या टप्प्याने खुली होतात आणि उन्हाळ्यातली भराभर संपतात. म्हणून मी म्हणेन, चित्र पाहायचं असेल तर आधी त्याची तारीख मिळवा आणि मिलानचा मुक्काम त्या तारखेला बांधा.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. ‘फोटो स्टॉप’ लिहिलं असेल तर बस बाहेर थांबणार, एवढाच त्याचा अर्थ. आत नेणार का, तिकीट धरलंय का, हे स्पष्ट विचारून घ्या.

रोमच्या बोर्गेसे गॅलरीतही आगाऊ वेळ घ्यावी लागते. दोन तास मिळतात, मग सगळ्यांना बाहेर काढतात. ही सक्ती मला मनापासून आवडते. तिथं बेर्निनीचं ‘अपोलो आणि डाफ्नी’ हे संगमरवरी शिल्प आहे. अपोलो पाठलाग करत असताना डाफ्नीचं झाड होतंय, तो क्षण. आधी दोन देह दिसतात. जरा बाजूला सरकलं की तिच्या बोटांना फुटलेली पानं दिसतात, आणखी सरकलं की पायांवर चढत आलेली साल. पानं इतकी पातळ कोरली आहेत की हा दगड आहे यावर विश्वास बसत नाही. त्याच्याभोवती फिरायला जागा मिळते, ती एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात म्हणून.

व्हॅटिकनला आई-वडील बरोबर असतील तर आगाऊ वेळ घेतलेलीच बरी. तिथली रांग तटाच्या कडेने चालते आणि उन्हात उभं राहावं लागतं. सुट्टीचे वारही बघून ठेवा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, व्हॅटिकन संग्रहालयं बहुतेक रविवारी. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब तशीच दिसणारी, जादा पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला.

राहिलं अ‍ॅमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर. पुस्तकांच्या फडताळामागच्या ज्या खोल्यांत अ‍ॅनसह आठ माणसं १९४२ पासून १९४४ पर्यंत नाझींपासून लपून राहिली, त्या तुम्ही पाहू शकता. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी तिथल्या सकाळी दहा वाजता, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटं खुली होतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. त्या वेळी पासपोर्टवरची नावं आणि कार्ड हाताशी ठेवून बसा. आतले जिने फार उभे आणि अरुंद आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच त्याचा विचार करावा.