लहान नव्या उद्योगातली नोकरी

नव्याने सुरू झालेल्या लहान उद्योगात कामांची काटेकोर वाटणी नसते. हिशेब लिहिणाराच माल उतरवून घेतो, यंत्र जुळवणाराच गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला जातो. अशा नोकरीतले नफे-तोटे समजून घ्यायला सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीइतके जवळचे उदाहरण नाही.

बेळगावची नांगरांच्या कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. 1910 साली मोजके कामगार बायकामुलांसह तिथे राहायला आले; तीच किर्लोस्करवाडी. निवडुंग तोडणे, घरे बांधणे, कारखाना उभारणे सारे बरोबरच चालले. के. के. कुलकर्णी यांच्याकडे शेती, कच्चा माल, छापखाना आणि कोर्टकचेऱ्याही होत्या. मंगेशराव रेगे कारकुनी, हिशेब आणि चिटणिशी एकटे सांभाळत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथेच कल्पक अभियंते झाले. मोठ्या कारखान्यात आधी प्रमाणपत्र विचारले जाते. लहान जागी हातातले कसब मालकाला रोज दिसते. हा शिकण्याचा वेग म्हणजे अशा नोकरीची मोठी कमाई होय.

मात्र पगाराचा भरवसा मालाच्या खपावर असतो. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. किर्लोस्करांचे पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळशाची टंचाई झाली. मोठी गिरणी असे दिवस शिलकीवर काढते, लहान उद्योगात त्याची झळ थेट कामगाराच्या चुलीला लागते. एक माणूस आजारी पडला तरी काम अडते, म्हणून हक्काची रजा घेणेही जड जाते. वसाहतीत राहणाऱ्याची नोकरी सुटली, तर घराचाही प्रश्न उभा राहतो.

आज सातारा, मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा एखाद्या संगणक कंपनीत लागणाऱ्या तरुणांपुढे हाच हिशेब आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. त्याहून लहान जागी ती सोय गृहीत धरता येत नाही. भागभांडवलातील वाट्याचे आश्वासन मिळाले, तरी ते कागदावर नसेल तर पगाराऐवजी धरू नये. रुजू होण्यापूर्वी नेमणूकपत्र, पगाराची तारीख आणि निधीची सोय या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.