अग्निबाणाची नळी आणि तिची भरणी

दिवाळीच्या रात्री खटकचिंचोळीसारख्या गावात रिकाम्या बाटलीत काडी उभी करून बाण लावला जातो. बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील, मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलखातील हे गाव. वात पेटते, क्षणभर सूं असा आवाज होतो आणि बाण काळोखात शिरतो. मुले टाळ्या पिटून पुढच्या बाणाकडे वळतात. पण त्यांतील एखादा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन ती जळकी नळी शोधून आणतो, उकलून पाहतो आणि विचारतो, ‘ही नळी पुन्हा भरता येणार नाही का?’

हा प्रश्न पोरकट नाही. अग्निबाणविद्येचा बराचसा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. मात्र त्याचे उत्तर चुकीच्या वाटेने शोधू गेलेल्या मुलांनी बोटे, डोळे आणि प्रसंगी प्राणही गमावलेले आहेत. म्हणून ते उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अग्निबाणाचे इंजिन म्हणजे मुळात एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद तोंड असलेली नळी. आत दारू जळते, तिचा वायू होतो, त्या वायूला त्या अरुंद तोंडातूनच बाहेर पडावे लागते, आणि तो जितक्या जोराने मागे जातो तितक्याच जोराने नळी पुढे ढकलली जाते. दाब कमी पडला तर बाण जागीच फुसफुसतो; दाब नळीच्या सोसण्यापलीकडे गेला तर बाणाचा बाँब होतो. दारूच्या ठासणीत एक बारीकशी भेग राहिली तरी आग तिच्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि पापणी लवण्याच्या आत नळी फुटते. बाहेरून पाहणाऱ्याला ती भेग दिसत नाही. घरगुती बाणाचा खरा धोका तो हाच.

नळी मजबूत असेल तर काय साधते, हे आपल्याच देशाने जगाला दाखविले. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातील नगर या गावी एका जुन्या विहिरीच्या गाळातून २०१८ साली एक हजाराहून अधिक लोखंडी बाण वर काढण्यात आले. हे बाण हैदर अली व टिपू यांच्या काळातील. दारूचे बाण मराठ्यांच्या फौजांतही होते. म्हैसूरकरांनी दारू लोखंडी नळीत ठासली, त्यामुळे आतला दाब वाढविता आला आणि पल्लाही वाढला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हने आपले बाण तयार केले.

हौशी माणसाच्या हाती सुरक्षित इंजिन आले ते मात्र त्यानंतर दीडशे वर्षांनी. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ऑरव्हिल कार्लाइल हा पादत्राणांचा दुकानदार होता. शोभेच्या दारूचा त्याला नाद होता. १९५४ साली त्याने व त्याच्या भावाने कागदी नळीत बसणारे छोटे इंजिन तयार केले. जी. हॅरी स्टाइन हा त्या वेळी व्हाइट सँड्स येथील अग्निबाण केंद्रात काम करीत होता. तरुण मुले स्वतःच दारू कालवून जायबंदी होत आहेत, हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. १९५७ साली कार्लाइलची इंजिने त्याच्या हाती पडली. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला स्पुटनिक आकाशात गेला आणि मुलांची ही हौस अनावर झाली. पुढच्याच वर्षी व्हर्न एस्टीस याने ही इंजिने करणारे यंत्र उभारले. त्यामागील तत्त्व साधे होते. दारू कालवण्याचे आणि ठासण्याचे काम कारखान्याने करावे. मुलाने बाणाचे अंग, पंख आणि छत्री करावी.

या इंजिनांवर छापलेली अक्षरे वाचता आली की निम्मे शास्त्र कळते. ‘सी ६-५’ असे लिहिले असेल तर ‘सी’ हे एकूण रेट्याचे माप होय. ‘ए’ची कमाल अडीच न्यूटन-सेकंद, ‘बी’ची पाच, ‘सी’ची दहा, प्रत्येक अक्षराला ती दुप्पट होते. सहा हा सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि पाच म्हणजे दारू संपल्यावर छत्री उघडेपर्यंतचे सेकंद. अमेरिकेत ‘जी’च्या पुढील इंजिन घ्यावयाचे तर मंडळाच्या जाणत्या सभासदासमोर बाण उडवून, तो धडपणे परत आणून, प्रमाणपत्र मिळवावे लागते.

खटकचिंचोळीच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर १९९० च्या सुमारास बाजारात आले. त्यात ॲल्युमिनिअमची, लेथवर कातलेली, दोन्ही टोकांना आटे असलेली नळी एकदाच विकत घ्यावयाची आणि प्रत्येक उड्डाणासाठी भरणीचा नवा संच आणावयाचा. त्या संचात रबरासारख्या घट्ट इंधनाच्या पोकळ वड्या असतात. त्या ज्यात बसतात ते अस्तर, वायूला वाट देणारे नोझल, काही सेकंद थांबून छत्री उघडविणारी विलंबाची वडी आणि रबराची लहानमोठी कडी असतात. इंधन कारखान्यात तयार झालेले असते. ते कापावयाचे नाही, कालवावयाचे नाही, त्यात काही मिसळावयाचे नाही. हौशी माणसाचे काम जुळणीचे. कड्यांना ग्रीस लावावयाचे, प्रत्येक भाग नेमून दिलेल्या क्रमाने बसवावयाचा, दोन्ही झाकणे आवळावयाची. पेटविणारी विजेची काडी शेवटी, बाण उड्डाणाच्या दांडीवर चढल्यावर आणि बाकीची माणसे दूर गेल्यावरच आत सारावयाची.

ही जुळणी अर्ध्या तासाची. पण ती गप्पा मारीत करण्याची नव्हे. एक कडे विसरले, त्यावर वाळूचा कण राहिला किंवा ते चिरले, तर तापलेला वायू त्या फटीतून शिरतो आणि जाड धातूसुद्धा मेणासारखा वितळवितो. सावध हौशी माणसे संचाबरोबर आलेला कागद समोर ठेवून एकेक ओळ वाचीत काम करतात, ते याचसाठी.

चार आण्यांच्या रबरी कड्याचे एवढे अवडंबर कशाला, असे कोणाला वाटेल. २८ जानेवारी १९८६ या दिवशी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्याच्या बाजूचे प्रचंड बाण म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या पोलादी नळ्याच होत्या. समुद्रातून परत आणून, धुऊन, पुन्हा भरून त्या वापरल्या जात. दोन तुकड्यांच्या सांध्यातील रबरी कडे त्या दिवशीच्या थंडीने ताठरले, वायू फटीतून निसटला आणि अनर्थ झाला. नळी लहान असो की मोठी, सांध्याचा नियम एकच आहे.

नळी एकाने करावी आणि भरणी दुसऱ्याने, ही विभागणी आपल्याकडेही आहे आणि तीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. थुंब्याहून २० नोव्हेंबर १९६७ रोजी पहिला ‘रोहिणी’ बाण उडाला, त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता. आज परदेशातील हौशी मंडळी त्याच मापाच्या नळ्या भरतात. त्याच वर्षी डॉ. वसंत गोवारीकर थुंब्यास दाखल झाले आणि घन इंधनाचे शास्त्र त्यांनी या भूमीत रुजविले. इस्रोच्या मोठ्या बाणांची पोलादी कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडली, तर त्यांत इंधन ओतण्याचे काम श्रीहरिकोट्यास होते. एका पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन इंधन मावते. ते ओतणारी माणसे वर्षानुवर्षे शिकलेली असतात, तरीही ती एकट्याने किंवा घाईने काही करीत नाहीत.

मग त्या मुलाने काय करावे? भरणीचे असे संच आपल्याकडे अमेरिकेप्रमाणे खेळण्यांच्या दुकानात सहज मिळत नाहीत. स्फोटकांचा कायदा १८८४ चा, त्याखालील नियम २००८ चे. परवाने देणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. परदेशातून टपालाने स्फोटक मागविणे तर सरळ गुन्हा ठरतो. अमेरिकेतही ही वाट सोपी नव्हती. हे इंधन भडकते, स्फोट पावत नाही, हे पटवून देण्यासाठी तेथील हौशी मंडळांना २००० ते २००९ अशी नऊ वर्षे सरकारशी न्यायालयात झगडावे लागले. त्यांचे म्हणणे टिकले, कारण नियम पाळून केलेल्या उड्डाणांची दीर्घ परंपरा त्यांच्या पाठीशी होती.

तशी परंपरा येथेही घडू शकते. २०२५ साली उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची अग्निबाण-स्पर्धा झाली. महाविद्यालयाच्या छत्राखाली, जाणत्यांच्या देखरेखीखाली इंजिन हाताळण्याची वाट अशी उघडू लागली आहे. तोपर्यंत शाळकरी मुलाला पाण्याचा बाण पुरेसा आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप, पुठ्ठ्याचे पंख आणि आसपास मोकळे रान. न्यूटनचा तिसरा नियम त्यातही तितकाच खरा असतो. पंख कोठे बसवावेत, वजन पुढे का असावे, छत्री केव्हा उघडावी, हे सारे त्यावर शिकता येते. फटाके फोडून काढलेली दारू आणि काड्यापेटीचा गूल मात्र यापैकी काहीच शिकवीत नाहीत.

जळकी नळी घरी आणणाऱ्या त्या मुलाला म्हणूनच कोणी रागे भरू नये. नळी पुन्हा भरता येते, हे त्याला खरे सांगावे. आणि भरण्याची विद्या कोणाकडून, कोठे आणि किती सावकाशीने शिकावी लागते, तेही त्याच वेळी सांगावे. पहिली गोष्ट त्याची जिज्ञासा जागी ठेवील, दुसरी त्याचे हात शाबूत ठेवील. अग्निबाण घडविणाऱ्याला दोन्हींची गरज असते.