यमूची हकीकत पुन्हा का वाचावी?

एकच कादंबरी जन्मभर वाचणाऱ्या माणसाला आपण जुन्यात रमणारा म्हणून मोकळे होतो. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ज्यांच्या उशाशी असते, त्यांच्याबाबतीत मला हे पटत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, 1890 पासून, ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिचा शेवट आता कोणाला ठाऊक नाही? नायिका यमूचे पती रघुनाथराव जातात, तिचं जबरीनं केशवपन होतं. नुसत्या गोष्टीसाठी वाचायची असती, तर ती केव्हाच सुटली असती. पण यमू स्वतः बोलते, आणि बोलताना घरातलं बारीकसारीक सोडत नाही: सासरी नवऱ्याशी बोलायचीही चोरी, त्याच्याकडून शिकलेलं लिहिणं-वाचणं, मग मुंबईच्या बिऱ्हाडातला मोकळा संसार. तरुणपणी वाचक यमूबरोबर रडतो. संसारात मुरल्यावर त्याची नजर ते केशवपन करवणाऱ्या सासरच्या शंकरमामंजींकडे वळते, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांना न अडवणाऱ्या घरच्यांकडे. (शंकरमामंजी जरा भडकच रंगवलेत, हेही तेव्हाच ध्यानात येतं.)

कोणी म्हणेल, केशवपन गेलं, वाडे गेले. नागपूरच्या बेसा परिसरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यमूचं काय? प्रथा गेली, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसणारं घर गेलं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला 2022 साली विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव करावा लागला, तो उगीच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शार्लट ब्राँटीनं 1847 साली ‘जेन एअर’ पुरुषी वाटेल अशा टोपणनावानं छापली. इथं उलट, पंचविशी नुकतीच ओलांडलेला पुरुष बाईच्या तोंडून बोलतो. त्याला बाईचं मन कितपत कळणार? काही ठिकाणी कळलेलं नाहीच. तिथं यमू सुधारकांच्या सभेतल्यासारखी व्याख्यान देते, आणि 1912 साली आपल्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आपटे तिच्या आडून दिसतात. मुरलेला वाचक ती पानं बिनदिक्कत उलटतो. पण मैत्रीण दुर्गी नवऱ्याच्या हातून काय सोसते, हे यमू सांगू लागली की व्याख्यान आपोआप बंद पडतं. तिथं एकही पान उलटता येत नाही.